वहिनी, कॅमच गेलता

वहिनी, तुम्ही हरल्या. आधी हे सांगून टाकतो, मंग बाकीचं बोलू. टॅपेट नव्हतं ते. कॅमच गेलता. आर्णीच्या माह्या गॅरेजात, तुमच्या सैपाकघरात, नागपूरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर, जिथं भेटाल तिथं मी हेच सांगत होतो, अन् तुम्ही हात झटकून म्हणत होत्या, "भाऊजी, तुम्हाले गाडी उघडाची खाज आहे, दुसरं काही नाही." आता तो कॅम माह्यापुढं टेबलावर पडला आहे. तुम्ही असत्या तर जेवताना तुमच्या ताटाशेजारी आणून ठेवला असता, अन् तुम्ही मले लाटणं फेकून मारलं असतं.

तेरवीले लोक तुमच्याबद्दल भल्ले चांगले बोलले. एकजण म्हणे, "गरीब गाय होती बिचारी." मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो, हसू आवरेना म्हणून पाठ फिरवली. ज्या बाईनं राळेगावच्या रस्त्यावर कापसाचा ट्रक मागं घ्याले लावला, ती गरीब गाय. ड्रायव्हर म्हणत होता, "बाई, तुमची छोटी गाडी, तुम्हीच घ्या मागं." तुम्ही काच खाली करून एवढंच म्हणल्या, "मले मागं घेता येत नाही, कोणी शिकवलंच नाही." शिकवणारा मी मागच्या सीटवर मान खाली घालून बसलतो. रिव्हर्स तुम्हाले माह्यापेक्षा चांगला येत होता. सोयाबीन निघालेल्या वावरात तुम्हाले गाडी शिकवली तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही माह्या चुका काढाले लागल्या, अन् बिचाऱ्या दादानं तर स्टिअरिंगच सोडून दिलं. बाजूले बसून तुम्ही त्याले इतक्या टोचून बोलत होत्या की तो म्हणे, तूच चालव बाई, मी बसतो.

ढवळी हे नाव तुमचंच. ट्रॅक्टर आला, शेवटची बैलजोडी गेली, अन् त्याच वर्षी दादानं यवतमाळहून ही जुनी पांढरी गाडी आणली. पोळ्याले गोठा रिकामा, तर तुम्ही हिच्याच टपावर झूल टाकली अन् बॉनेटले हिंगूळ फासला. गावातले बुढे हसले. तुम्ही म्हणल्या, हसा, पण पुरणपोळी खाऊन जा.

चूक तिथंच झाली, वहिनी. तुम्ही तिले बैल म्हणून सांभाळलं. सकाळी उठल्याबरोबर चाबी फिरवाची, गाडी स्लोवर लावाची, अन् मंग अंगण झाडाचं, चहा मांडाचा, दूध तापवाचं. तोवर ढवळी जाग्यावर उभी गुरगुर करून राहे. मी म्हणे, बंद करा, नाहीतर चालवा तरी. तुम्ही म्हणत, "रात्रभर बसून असते ती. अंग मोकळं नको होऊ द्याले? तुम्ही लेकराले झोपेतून उठवल्याबरोबर शाळेत पळवता का?"

कॅम म्हणजे काय हे तुम्ही दहादा विचारलं अन् दहादा विसरल्या, म्हणून पुन्हा एकदा सांगतो. इंजनाच्या पोटात खाली एक लोखंडी दांडा फिरते. त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात, तेच कॅम. दांडा फिरला की उंचवटा वर येते अन् टॅपेटले ढकलते, टॅपेट सळईले, सळई वरच्या रॉकरले, अन् रॉकर व्हॉल्व्ह उघडते. उंचवटाच झिजला तर व्हॉल्व्ह उघडाच्या नावानं नुसतं हालते. जळालेला धूर बाहेर जात नाही, अन् ते सिलिंडर गुदमरते. अन् हा उंचवटा झिजते कधी, तर गाडी पळताना नाही, उभी असताना. स्लोवर तेलाचा पंप हळू फिरते, तेल कॅमच्या अंगावर नीट उडत नाही, अन् व्हॉल्व्हची स्प्रिंग तर पुऱ्या जोरानं दाबतच असते. तुम्ही रोज सकाळी मायेनं तिले उभं ठेवत होत्या अन् ती रोज सकाळी थोडी थोडी झिजत होती. तिचं वय झालतं हेही खरं, सगळा दोष तुमच्यावर नाही टाकत.

पहिल्यांदा टिकटिक आली तेव्हा मी टॅपेटचा गॅप घेतला, म्हणजे मधली ढिलाई काढली. आवाज गेला. तुम्ही म्हणल्या, पाह्यलं, टॅपेटच होतं. चार दिवसांनी परत टिकटिक. परत गॅप घेतला, परत चार दिवस बरी. गॅप जाग्यावर राहातच नाही म्हणजे खालून काहीतरी खपून राह्यलं आहे, हे मले तेव्हाच समजलं. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, कॉम्प्रेशन पाह्यलं, सगळं ठीक. तरी चढावर एक सिलिंडर मिसिंग करे अन् कार्बोरेटरमधून फटफट आवाज येई. मी म्हणलं, वहिनी, इंजन उघडा लागते.

तेव्हा तुम्ही नागपूरहून नुकत्याच घरी आलत्या. उशीले टेकून बसल्या होत्या. शांतपणे म्हणल्या, "माह्यं पोट उघडून पाह्यलं न डॉक्टरनं? पाह्यलं अन् तसंच शिवलं. हिचं नका उघडू, भाऊजी."

मले म्हणाचं होतं की वहिनी, लोखंडाचं वेगळं असते, लोखंडाले नवं बसवता येते. पण ते तुमच्यापुढं कसं म्हणाचं. ज्याले नवं बसवता येत नाही ते सगळं तुमच्याच अंगात होतं. मी पाना उचलला अन् गॅरेजात आलो. त्या दिवशी एका पोट्ट्याच्या मोटरसायकलवर विनाकारण ओरडलो.

अन् मंग तो घाट. तुमची माय राळेगावले, खाटेवरून उठता येत नाही तिले. तुम्हाले एकदा तिच्यापाशी जाऊन बसाचं होतं. मी म्हणलं, दुसरी गाडी आणतो, गादी टाकून झोपून चला. तुम्ही म्हणल्या, "माहेरी मी माह्या गाडीनं जाते." अन् तुम्हीच स्टिअरिंगवर बसल्या, डॉक्टर काही का म्हणंना. दादा बाजूले, मी मागं पान्याची पेटी घेऊन. यवतमाळच्या अलीकडे चढ लागला अन् ढवळीनं दम सोडला. पहिल्या गिअरमध्येही ओढेना. मी अन् दादा उतरलो, मागून लावला जोर. दोन हात सरकली, थांबली. मंग तुमच्या बाजूचं दार उघडलं. तुम्ही हळूच खाली उतरल्या अन् म्हणल्या, "माह्या वजनानं नसंन चढत."

तुमचं वजन काय राह्यलतं, वहिनी. दादा तिकडं तोंड करून उभा राह्यला. मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं, पाहाले नाही, तोंड लपवाले. ढवळी उतारावर वळवून आपण परत आलो, अन् पुन्हा तुम्ही दवाखान्याशिवाय कुठंच गेल्या नाही. मातीच्या दिवशी तुमच्या मायले आणाले गाडी पाठवतो म्हणलं तर तिनं निरोप दिला, "पोरीले तसं नाही पाहाचं मले."

तेरवी झाली, तुमचा पोरगा कामावर परत गेला, घरात दादा एकटा. एक दिवस सकाळी मी भाकरीचा डबा घेऊन आलो तर अंगणात ढवळी चालू, स्लोवर, टिकटिक टिकटिक. दादा ओट्यावर बसून ऐकून राह्यला. मी म्हणलं, कुठं चाललास का? म्हणे, कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी चाबी काढाले गेलो तर त्यानं माहा हात धरला. "राहू दे, सुध्या. ती अंगण झाडाची तेव्हा हाच आवाज असाचा. डोळे मिटले की वाटते झाडूनच राह्यली."

आता सांगा मी काय कराचं. तो आवाज कॅम खाल्ल्याचा होता. दादा रोज सकाळी तो ऐकाले गाडी चालू करे, अन् रोज ऐकून ऐकून तिले संपवत होता. थांबवलं तर त्याच्यापाशी तुमचं काय राह्यलं असतं, अन् नसतं थांबवलं तर ढवळी राह्यली नसती. ती गेली असती तर दादा दुसऱ्यांदा रंडवा झाला असता. हे बोलणं तुम्हाले आवडणार नाही, पण खरं आहे.

आठ दिवस गेले. मंग एका दुपारी पेटी घेऊन आलो अन् दादाले म्हणलं, उघडत नाही, वरचं झाकण फक्त काढतो. झाकण काढणं म्हणजे उघडणं नाही, डोक्यावरची टोपी काढणं. तो जवळ आला. मी पुलीले पाना लावून त्याच्याच हातात दिला अन् म्हणलं, फिरव हळूहळू, अन् या रॉकरकडे पाहा. आठ रॉकर ओळीनं. एक मान घालते, वर येते, दुसरा मान घालते, वर येते. तिसऱ्या सिलिंडरचा आला तर नुसता थरथरला. दादानं परत फिरवलं. परत तेच. मी मापाचं घड्याळ लावून दाखवलं, बाकीचे सारखे उचलतात, हा त्याच्या निम्माही नाही. मंग खालचं तेल काढलं अन् त्यात लोहचुंबक फिरवला. बाहेर आला तर त्याच्यावर काळं बारीक पीठ, गव्हाच्या पिठासारखं मऊ. दादानं बोटावर घेतलं.

"हे काय आहे?"

"लोखंड. तिच्याच अंगातलं."

"म्हणजे मी रोज सकाळी..."

मी चुंबक फडक्यानं पुसला. दादा बोट पुसतच राह्यला. पऱ्हाटीत तण काढाले डवरे चालू होते, तो उठून वावरात निघून गेला, जेवाले पण आला नाही. दोन दिवसांनी स्वतःच गॅरेजात आला, माह्या पुढ्यात उभा राह्यला अन् म्हणे, "उघड. पण मी तिथंच बशीन. तिच्या वेळेस मले बाहेर बसवलं होतं."

तर वहिनी, तुमचा नवरा अंगणात स्टूल टाकून बसला अन् मी ढवळी उघडली. तुमचा शब्द मोडला, त्याची माफी मागत नाही. रेडिएटर काढला, समोरचं झाकण काढलं, चेन काढली, सळया ओळीनं काढून दादाच्या हातात दिल्या, म्हणलं धर, गडबड करू नको, जिची तिच्याच जाग्यावर गेली पाहिजे. त्यानं त्या धोतराच्या सोग्यात अशा धरल्या की जशा काही अगरबत्त्या. मंग दांडा समोरून हळूहळू ओढला. सात उंचवटे वापरलेले, पण शहाणे. राह्यलेला एक, तिसऱ्या सिलिंडरचा, गोल झालता, सुपारीसारखा. टोकच नाही. मी तो दादाले दाखवला अन् मले अशी आनंदाची लहर आली की मी उठून नाचणारच होतो. मीच बरोबर होतो. मंग आठवलं की हे ज्यांच्यापुढं मिरवाचं त्याच नाही. तिथंच फतकल मारून बसलो अन् रडलो, हातावरचं ग्रीस तोंडाले लागलं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्या उंचवट्यावरचं टॅपेट काढलं तर त्याचं बूड पणतीसारखं खोल गेलतं. कॅमनं टॅपेट खाल्लं अन् टॅपेटनं कॅम. म्हणजे अर्धं तुमचंही खरं होतं. अर्धंच, त्याच्यावर देणार नाही.

नवा कॅम मिळते कुठं, हा घोर होता. एवढी जुनी गाडी, भंगारवाल्यांनी पण हात वर केले. शेवटी अमरावतीच्या एका म्हाताऱ्या स्पेअरपार्टवाल्याच्या माळ्यावर एक निघाला, मेणकागदात गुंडाळलेला, कोरा. मी नेरच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन आलो. शेजारची बाई विचारे, काय आहे हो? म्हणलं, आमच्या वहिनीचं आहे. टॅपेट आठही नवे घेतले. जुनं टॅपेट नव्या कॅमवर बसवलं की ते नव्यालेही आपल्यासारखं करते, आमच्या धंद्यात हे पक्कं आहे. चेन बसवताना खुणेवर खूण आहे का हे तीनदा पाह्यलं, अन् चौथ्यांदा दादानं चष्मा लावून पाह्यलं. उंचवट्यांले काळं मलम थापलं, ताजं तेल भरलं.

आता खरी परीक्षा. नवा कॅम पहिल्यांदा चालू केला की गाडी स्लोवर ठेवाची नसते. एक मिनिटही नाही. तिथल्या तिथं रेस चढवाची अन् वीस मिनिटं खाली येऊ द्याची नाही, म्हणजे तेल उडते अन् नवं लोखंड एकमेकाले ओळखते. पहिल्या वीस मिनिटांत जमलं तर जन्मभर जमलं, नाही तर तिथंच खराब. मी चाबी फिरवली. ढवळी पहिल्याच झटक्यात लागली, अन् मी रेस दाबली.

वहिनी, काय गरजली. अंगणातल्या कोंबड्या कौलावर, शेजारचे ओट्यावर, कोणी म्हणे काय फुटलं, कोणी म्हणे याच्या डोकशावर परिणाम झाला. दादा धावत आला. "हळू कर, सुध्या. तिनं कधी एवढी रेस दिली नाही. मरंन ती." त्यानं चाबीले हात घातला. मी एका पायानं रेस दाबून धरली अन् दोन्ही हातांनी त्याचा हात. ओरडलो त्याच्यावर, मोठ्या भावावर, आयुष्यात पहिल्यांदा. "आता हळू केली तरच मरंन. गरजू दे तिले." मंग त्यानं हात सोडला, पुढं गेला अन् बॉनेटवर तळहात ठेवून उभा राह्यला. पत्रा थरथरून राह्यलता, पण त्यानं हात काढला नाही. वीस मिनिटं तसाच.

मंग मी पाय काढला. रेस खाली आली, स्लोवर आली. टिकटिक नाही. सळसळ नाही. कान लावला तर नुसतं शिवणयंत्रासारखं एकसारखं. दादा आता काय म्हणन? त्याचा आवाज मी घेतलता.

दादा बराच वेळ ऐकत राह्यला. मंग म्हणे, "तो तिचा आवाज नव्हता रे. तिच्या दुखण्याचा होता." अन् तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तो रडला, बॉनेटवर डोकं ठेवून, मोकळा. मी गाडी बंद केली नाही. म्हणलं रडून होऊ दे, मंग करतो. फक्त रेस थोडी वर ठेवली, स्लोवर नाही.

जाताना बजावलं त्याले, आता उभी ठेवून चालू कराची नाही, चालवाची. त्यानं मान हालवली. मले वाटलं, कायची चालवते, स्टिअरिंगले हात लावून किती वर्षं झाली त्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन आलो तर अंगणात ढवळी नाही. दाराले कुलूप. फोन लावतो तर उचलत नाही. शेजारी विचारलं तर म्हणे, दादा फाटकातून निघाला तेव्हा पाय ब्रेकवर अन् भरवसा देवावर होता. दिवसभर मी गॅरेजात एक नट धड आवळला नाही.

दिवस कलताना फाटकाशी हॉर्न वाजला. ढवळी आत आली, धुळीनं भुरी झालेली, अन् तुमच्या सीटच्या बाजूले, जिथं दादा बसाचा, तिथं उशा लावून तुमची माय. ती म्हणे, लेकीची गाडी दारात आली, तिले परत कशी पाठवू. खाटेवरून उठता येत नाही म्हणाची न? दादानं तिले दोन्ही हातांवर उचललं अन् घरात नेलं, तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगावर. तिनं सगळीकडे हात फिरवून पाह्यला, गादीवरून, भिंतीवरून, पलंगाशेजारच्या तुमच्या कपाटावरून. मंग झोपून गेली. आता कायमची इथंच राह्यते म्हणते, अन् दादा रोज तिले गाडीत बसवून वावराचं एक चक्कर मारून आणते. ती त्याच्या चुका काढते, वहिनी. तुम्ही कोणावर गेल्या ते आता समजलं.

त्या संध्याकाळी दादा आंगधुणीवर हातपाय धुऊन राह्यलता. मी मागं मागं गेलो. विचाराची हिंमत होत नव्हती, पण राहावलं नाही. म्हणलं, "दादा, घाटात काय झालं?"

त्यानं तोंडावर पाणी मारलं, टॉवेल घेतला, माह्याकडे पाह्यलं.

"कोणता घाट?"